महानायक कुणाला हवा असतो?

सुपरहिरोपटाला मन नसते, हा आक्षेप गेली काही वर्षे चित्रपटसमीक्षेत जवळजवळ सिद्धान्ताच्या थाटात मांडला जातो. त्याचे तीन पदर आहेत. पहिला असा, की हा प्रकार मुळातच लहान मुलांसाठी जन्माला आला. त्यात मानसशास्त्र आणणे म्हणजे खेळण्यावर गांभीर्याचा मुलामा चढवणे. दुसरा असा, की अतिमानवी शक्तीला वास्तवाच्या पायावर उभे करू गेले की अद्भुताची गोडी जाते आणि हाती काळोखी, उदास दृश्ये तेवढी उरतात. तिसरा पदर सर्वांत गंभीर आहे. हे चित्रपट मोठ्या माणसांना त्राता शोधायची सवय लावतात, आणि त्राता शोधणारा समाज हुकूमशाहीच्या वाटेला लागतो, असे तो सांगतो.

या आक्षेपांमागे मोठी नावे आहेत. मार्टिन स्कोर्सेसी यांनी २०१९ मध्ये ‘एम्पायर’ मासिकाला दिलेल्या मुलाखतीत मार्व्हलचे चित्रपट म्हणजे सिनेमा नव्हे, असे म्हटले. त्यांच्या मते हे चित्रपट मनोरंजन उद्यानांच्या जातीचे आहेत. एका माणसाने आपला भावनिक, मानसिक अनुभव दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याची धडपड त्यांत नसते. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून त्यांनी हा मुद्दा विस्ताराने मांडला: या चित्रपटांत गूढ नाही आणि खरी भावनिक जोखीमही नाही. ‘वॉचमेन’चे लेखक ॲलन मूर यांनी २०२२ मध्ये ‘गार्डियन’शी बोलताना तिसरा आक्षेप मांडला. लाखो प्रौढांनी बॅटमनचे चित्रपट पाहायला रांगा लावणे हे त्यांना बालिशपणाकडे परतणे वाटते, आणि असा बालिशपणा फॅसिझमची पूर्वपायरी ठरू शकतो, असा इशारा त्यांनी दिला.

स्कोर्सेसी आणि मूर यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ढीगभर सुपरहिरोपटांना ते लागूही पडते. परंतु ते संपूर्ण प्रकारावरचा निकाल म्हणून मांडले जाते, आणि तिथे ते चुकते. शक्ती कुठून आली याच्या खुलाशात न रमता, ती कुणाला हवी आहे आणि तिच्यावर विश्वास ठेवण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न जो सुपरहिरोपट विचारतो, तो माणसाच्या मनाचाच चित्रपट असतो. एम. नाइट श्यामलन यांचा ‘अनब्रेकेबल’ (२०००) हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

बालिशपणा जन्मजात नव्हे

पहिल्या आक्षेपाचे उत्तर इतिहासात आहे. सुपरमॅन १९३८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे त्याचे जनक स्थलांतरित ज्यू कुटुंबांत वाढलेले तरुण होते. चष्मा लावणारा, बुजरा, चारचौघांत दुर्लक्षिला जाणारा क्लार्क केंट आणि त्याच्या सदऱ्याखाली दडलेला सर्वशक्तिमान पुरुष ही जोडी पहिल्या अंकापासूनची आहे. जगाला आपण जसे दिसतो तसे आपण नाही, ही माणसाची जुनी आणि खोल समजूत तिथे शरीर धारण करून आली. पुढल्या वर्षी बॅटमन आला आणि काही महिन्यांतच त्याची पूर्वकथा छापली गेली: डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून पाहिलेला मुलगा आणि त्याने घेतलेली शपथ. मोजक्या चौकटींत सांगितलेली ही गोष्ट आघाताची आहे आणि त्या आघाताभोवती बांधलेल्या आयुष्याची आहे.

१९४१ मध्ये वंडर वुमन आली. तिचे निर्माते विल्यम मोल्टन मार्स्टन हे हार्वर्डमध्ये शिकलेले मानसशास्त्रज्ञ होते. खोटे बोलताना माणसाचा रक्तदाब बदलतो, या निरीक्षणावर त्यांनी चाचणी बसवली होती आणि पुढच्या खोटे पकडण्याच्या यंत्राला तिचा आधार मिळाला. वंडर वुमनच्या हातातला, माणसाला खरे बोलायला लावणारा दोर त्यांच्याच कल्पनेतून आला. तेव्हा मानसशास्त्र हा या प्रकारात उशिरा आलेला पाहुणा नाही. पहिल्या तीन मोठ्या पात्रांपैकी एक तर व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ असलेल्या माणसाच्या लेखणीतूनच उतरले.

बालिशपणा मागाहून लादला गेला, आणि तोही मानसोपचाराच्या नावाने. डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या पुस्तकात कॉमिक्समुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात, असे प्रतिपादन केले. वर्थम हे हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी अल्प मोबदल्यात मानसोपचार केंद्र चालवणारे तळमळीचे डॉक्टर होते, म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आले. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि भेदरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. सत्ताधारी, न्यायाधीश आणि पोलीस यांच्याविषयी अनादर वाटेल असे काही दाखवायचे नाही, दर वेळी सज्जनांचाच विजय झाला पाहिजे, अशी ती बंधने होती. संशय आणि अपराधभाव यांना कथेत जागा उरली नाही. पुढे संशोधक कॅरल टिली यांनी वर्थम यांची कागदपत्रे तपासली, तेव्हा वर्थम यांनी मुलांच्या जबान्यांत फेरफार आणि काटछाट केल्याचे उघड झाले. एका सदोष पुस्तकाच्या धाकाने जो प्रकार बालिश केला गेला, त्याला आता बालिशपणाबद्दल दोषी धरणे न्यायाचे नाही.

आणि त्या बंधनांतही मन पुन्हा आत शिरलेच. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी स्पायडर-मॅन घडवला. समोरून पळणाऱ्या चोराला ‘माझे काय जाते’ म्हणून जाऊ देणाऱ्या आणि त्याच चोराने काकांचा जीव घेतल्यावर जन्मभर अपराधभाव वागवणाऱ्या पोराची ही गोष्ट आहे. १९८६ मध्ये मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’चे अंक निघू लागले. मुखवटा चढवणारी माणसे आतून कशी असतात, हे त्यात निर्दयपणे उलगडले आहे. आज मूर यांना हा प्रकार प्रौढांच्या लायकीचा वाटत नाही. त्यांचे स्वतःचे पुस्तक मात्र उलट साक्ष देते.

‘अनब्रेकेबल’: तळघरातील अद्भुत

दुसरा आक्षेप वास्तव आणि अद्भुत यांच्या वैराचा आहे. ‘अनब्रेकेबल’ नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. ‘एक्स-मेन’ येऊन काही महिनेच लोटले होते आणि सॅम रेमींचा ‘स्पायडर-मॅन’ अजून यायचा होता. त्यामुळे सुपरहिरोपटांची लाट फुटण्याआधीच हा चित्रपट त्या प्रकाराचा तळ शोधून आला, असे म्हणावे लागते. दिग्दर्शक श्यामलन यांचा जन्म पुदुच्चेरीच्या माहेतला, वाढले ते फिलाडेल्फियाजवळ. चित्रपटही त्याच शहरात घडतो. श्यामलन यांच्या आधीच्या ‘सिक्स्थ सेन्स’च्या अफाट यशामुळे स्टुडिओने या चित्रपटाची जाहिरात मानसशास्त्रीय थरारपट म्हणून केली आणि त्यातला कॉमिक्सचा भाग झाकून ठेवला. गंभीर प्रेक्षक सुपरहिरोच्या नावाने बिचकेल, ही भीती तेव्हाही होतीच.

डेव्हिड डन (ब्रूस विलिस) हा फुटबॉलच्या मैदानावरचा सुरक्षारक्षक. न्यूयॉर्कहून परतताना त्याच्या रेल्वेगाडीला अपघात होतो. गाडीतले बाकी सगळे, म्हणजे १३१ जण दगावतात. डेव्हिडला खरचटलेलेही नसते. अपघात पडद्यावर दिसत नाही. दिसते ते त्याआधीचे: शेजारी एक तरुणी येऊन बसते आणि डेव्हिड बोटातली लग्नाची अंगठी गुपचूप काढून ठेवतो. दोन आसनांमधल्या फटीतून, पुढच्या बाकावरच्या लहान मुलीच्या नजरेच्या उंचीवरून, छायाचित्रणकार एदुआर्दो सेरा यांचा कॅमेरा हे सगळे न तोडता पाहत राहतो. महानायकाची ओळख इथे संसार विस्कटलेला माणूस म्हणून होते, आणि त्याचे शरीर अभेद्य आहे ही बातमी त्यानंतर येते. चित्रपटाचा पुढचा सारा प्रवास याच क्रमावर उभा आहे.

अपघातात गेलेल्यांच्या स्मृतिसभेहून बाहेर पडल्यावर डेव्हिडला गाडीच्या काचेवर एक चिठ्ठी मिळते: आयुष्यात किती दिवस आजारी होतास? त्याला आठवत नाही. बायकोला विचारतो, तिलाही आठवत नाही. साहेबाला विचारतो, आपण आजारपणाची रजा कधी घेतली होती का. साहेबाला वाटते, हा पगारवाढ मागतो आहे, आणि तो पगार वाढवून देतो. अतिमानवी शक्तीचा पहिला पुरावा हजेरीपटातून निघतो. यापेक्षा वास्तवाच्या जवळ जाता येणार नाही, आणि तरी प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. स्वतःच्या शरीराविषयी इतकी साधी गोष्ट माणूस कधी विचारतच नाही, हे त्याच्या ध्यानात आलेले असते.

तळघरातले वजन उचलण्याचे दृश्य तर या आक्षेपाचे थेट उत्तर आहे. डेव्हिड बाकावर आडवा झाला आहे आणि शाळकरी मुलगा जोसेफ दांड्याला वजने लावतो आहे. बापाने कमी करायला सांगितली, तर पोराने वाढवलेली असतात. ती उचलली जातात. आणखी लावली जातात, तीही उचलली जातात. घरातली वजने संपतात, तेव्हा रंगाचे डबे लटकवले जातात. बाप मुलाला लांब उभे राहायला सांगतो, म्हणजे दांडा निसटला तर त्याला इजा नको. दोघांच्या चेहऱ्यावर हर्ष कमी आणि धास्ती जास्त आहे. इथे कोणी उडत नाही, इमारत कोसळत नाही. कॅमेरा अंधाऱ्या तळघरातून हलत नाही. तरीही सुपरहिरोपटांच्या इतिहासातल्या सर्वांत विस्मयकारक दृश्यांपैकी हे एक आहे, कारण विस्मय वजनात नाही. आपला बाप आपल्याला वाटतो तसाच आहे, हे पटत जाणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत आहे. वास्तवाने अद्भुत मरत नाही. अद्भुताला मोजमाप मिळते, आणि मोजमाप मिळाले की ते खरे वाटू लागते.

स्कोर्सेसी म्हणतात ती भावनिक जोखीम याच धाग्यात पुढे येते. बापाला काही होत नाही हे सिद्ध करण्यासाठी जोसेफ स्वयंपाकघरात त्याच्यावर पिस्तूल रोखतो. आई किंचाळते. डेव्हिड आधी समजावतो, मग दरडावतो, आणि शेवटी गोळी झाडलीस तर मी हे घर सोडून जाईन, असे सांगतो. पोराला मृत्यूची भीती नाही, कारण बाप मरणारच नाही अशी त्याची खात्री आहे. बाप निघून जाईल ही भीती मात्र खरी आहे, आणि तीच त्याला थांबवते. वडिलांवरच्या अमर्याद श्रद्धेतून घडू पाहणारी हत्या असा हा प्रसंग आहे. इतकी जोखीम प्रतिष्ठित कौटुंबिक नाट्यांतही क्वचित घेतली जाते.

शक्ती स्वीकारल्याचा परिणामही घरातच दिसतो. ऑड्री (रॉबिन राइट पेन) आणि डेव्हिड एका छपराखाली वेगळे झोपतात. दोघे पुन्हा भेटीगाठीचा प्रयत्न करतात, तेव्हा दुराव्याची पहिली खूण कोणती, असा विषय निघतो. आपल्याला एके रात्री वाईट स्वप्न पडले आणि आपण तिला उठवले नाही, असे डेव्हिड सांगतो. पुढे एका घरात घुसून कुटुंबाला ओलीस धरणाऱ्या माणसाला तो संपवतो, तेही झटापटीत त्याच्या मानेला घट्ट विळखा घालून, एकही चमकदार ठोसा न मारता. पाणी हा त्याचा एकमेव दुबळेपणा. पोहण्याच्या तलावात पडून तो बुडू लागतो, तेव्हा त्याने सोडवलेली मुलेच त्याला वर यायला मदत करतात. त्या रात्री घरी आल्यावर तो बायकोला उचलून पलंगावर नेतो आणि आपल्याला वाईट स्वप्न पडले, एवढेच सांगतो. पटकथेने आधी पेरलेले वाक्य इथे फळाला येते. महानायक होणे म्हणजे या माणसासाठी आपली भीती बायकोला पुन्हा सांगता येणे आहे. ज्यांना या प्रकारात मानसिक अनुभव सापडत नाही, त्यांनी या दोन प्रसंगांमधले अंतर पाहावे.

काळोख म्हणजे वास्तव नव्हे

‘वास्तववादी’ सुपरहिरोपटांवरचा रोष पुष्कळदा रास्त असतो, कारण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिले गेले आहे. एक वास्तव तांत्रिक असते: चिलखत कशाचे आहे, गाडी कोणत्या लष्करी प्रकल्पातून आली, दोरी किती भार पेलते. दुसरे मनाचे असते. पहिल्याने दुसरे आपोआप येत नाही. ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘बॅटमन बिगिन्स’ने (२००५) पहिल्या प्रकारच्या वास्तवाची लाट आणली आणि पुढच्या अनेकांनी त्यातला काळोख तेवढा उचलला. पण त्या चित्रपटाचे बळ गाडीत नव्हते. संगीतिका पाहताना रंगमंचावरच्या वटवाघळासारख्या आकृत्यांनी घाबरलेला छोटा ब्रूस बाहेर जायचा हट्ट धरतो, आईवडील त्याला घेऊन मागच्या गल्लीत येतात आणि तिथे त्यांचा खून होतो. आपल्या भीतीमुळे आईवडील गेले, हा सल आयुष्यभर उरतो, आणि म्हणून मुखवट्यासाठी निवडला जातो तो नेमका त्या भीतीचाच चेहरा. हे मानसशास्त्र आहे. चिलखत हा सरंजाम आहे.

याउलट मनाला काळोख लागतोच असेही नाही. रेमींचा ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) रंगीत, लोभस, उघडपणे कॉमिक्सच्या वळणाचा आहे. त्यात पीटर पार्करची शक्ती अधूनमधून दगा देऊ लागते. कारण बाहेर कुठे नाही. त्याचे मनच त्या ओझ्याला नकार देत असते. डॉक्टरकडे जाऊन तो दुसऱ्याच्या नावावर ही तक्रार सांगतो. मनाचा ताण शरीराच्या तक्रारीतून बोलतो, हे वैद्यकाला चिरपरिचित सत्य इथे सर्व वयाच्या प्रेक्षकांना कळेल असे मांडले आहे. जेम्स मॅनगोल्ड यांच्या ‘लोगन’मध्ये (२०१७) जगातला सर्वांत सामर्थ्यवान मेंदू म्हातारपणी विकाराने पोखरला जातो आणि त्याची शुश्रूषा करण्याचे काम नायक वुल्व्हरिनवर येते. औषधे वेळेवर दिली पाहिजेत, उचलून न्यायला पाहिजे, चिडचिड सोसली पाहिजे. घरात वृद्ध आजारी माणूस असलेल्या कोणालाही ही दृश्ये परकी वाटणार नाहीत.

निदान म्हणजे मन नव्हे

या प्रकाराच्या बाजूने बोलताना त्याचे खरे दोष लपवणे गैर ठरेल. सर्वांत मोठा दोष असा, की मन दाखवायचे सोडून रोगाचे नाव दाखवले जाते आणि ते नाव खलनायकाच्या गळ्यात अडकवले जाते.

श्यामलन यांचाच ‘स्प्लिट’ २०१७ च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. जेम्स मॅकॲव्हॉय यांनी एकाच देहातल्या अनेक व्यक्तिमत्त्वांचे काम थक्क करणारे केले आहे. परंतु बहुव्यक्तिमत्त्व विकार बहुधा बालपणीच्या भीषण अत्याचारांतून उद्भवतो आणि अशा रुग्णांच्या बाबतीत इतरांपेक्षा स्वतःलाच इजा करून घेण्याचा धोका मोठा असतो. चित्रपटाने त्यांतल्या एकाला मुलींचे अपहरण करून त्यांना खाणारा पशू बनवले. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातून त्यावर निषेध झाला, तो योग्यच होता. ‘ग्लास’ (२०१९) मध्ये चूक वेगळी आहे. तीन माणसांना एका मनोरुग्णालयात ठेवून, तुमच्या शक्ती म्हणजे भव्यतेचा भ्रम आहे, असे डॉ. एली स्टेपल पटवू पाहते. प्रश्न बिनतोड होता: शक्ती खरी की भ्रम, हे आतून कसे ओळखायचे? पण शेवटी डॉक्टर एका गुप्त संघटनेची हस्तक निघते आणि मनाचा प्रश्न कटकारस्थानात विरघळतो.

टॉड फिलिप्स यांच्या ‘जोकर’ला (२०१९) व्हेनिसमध्ये गोल्डन लायन मिळाले आणि वाकीन फिनिक्स यांना ऑस्कर. त्याचा पूर्वार्ध श्रेष्ठ आहे. आर्थर फ्लेकला अनावर हसू फुटते. बसमध्ये तो सहप्रवाशाला एक छापील कार्ड देतो, ज्यावर हा आजार असल्याचे लिहिलेले असते. मग सरकारी निधी आटतो, समुपदेशन बंद होते, औषधे थांबतात. व्यवस्थेने सोडून दिलेल्या रुग्णाचे इतके नेमके चित्रण गंभीर म्हणवणाऱ्या चित्रपटांतही विरळा. उत्तरार्ध मात्र औषधे थांबली आणि रक्त सांडले, असे सरळ समीकरण मांडतो. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसे हिंसक नसतात. उलट हिंसेचे बळी होण्याची शक्यता त्यांच्या बाबतीत जास्त असते. चित्रपटाच्या बाहेरचे हे साधे सत्य चित्रपटात कुठेच येत नाही. त्या मानाने ‘द डार्क नाइट’ (२००८) शहाणा ठरतो. हीथ लेजर यांचा जोकर तोंडावरच्या व्रणांची कहाणी दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळी सांगतो. दुष्टपणाला आजाराचे निमित्त पुरवायचे तो चित्रपट ठामपणे नाकारतो.

या चुका खऱ्या आहेत. परंतु त्या मानसशास्त्र जास्त झाल्यामुळे घडलेल्या नाहीत, ते कमी पडल्यामुळे घडल्या आहेत. त्यावरचा उपाय सुपरहिरोपटातून मन हाकलणे हा नव्हे. नाव देऊन थांबायचे नाही, माणूस पाहायचा, हाच उपाय आहे.

त्राता शोधणाऱ्याची जखम

आता मूर यांचा तिसरा आक्षेप. त्याचे उत्तर ‘अनब्रेकेबल’च्या दुसऱ्या पात्रात आहे. एलायजा प्राइस (सॅम्युएल जॅक्सन) हाडे ठिसूळ असण्याचा जन्मजात विकार घेऊन आला आहे. फिलाडेल्फियातल्या एका मोठ्या दुकानात त्याचा जन्म होतो, तेव्हाच त्याचे हातपाय मोडलेले असतात. हाड मोडेल या धास्तीने तो लहानपणी घराबाहेर पडेनासा होतो. तेव्हा आई समोरच्या बागेतल्या बाकावर कागदात गुंडाळलेली भेटवस्तू ठेवते. ती घ्यायची तर रस्ता ओलांडून जावे लागते. आत कॉमिक असते. भित्र्या मुलाला घराबाहेर काढण्याची ही आईची युक्ती, आणि याच क्षणी त्याच्या साऱ्या आयुष्याची दिशा ठरते: इतका नाजूक मी जगात असेन, तर दुसऱ्या टोकाला कधीही न मोडणारा कोणीतरी असलाच पाहिजे.

शेवटी कळते ते भयंकर आहे. त्या दुसऱ्या माणसाला शोधण्यासाठी एलायजाने विमान पाडले आहे, हॉटेल पेटवले आहे आणि डेव्हिडची गाडीही त्यानेच रुळांवरून उतरवली आहे. शेकडो माणसे मारून त्याला एक महानायक सापडतो. महानायक सापडल्यामुळे आपण कोण हे त्याला अखेर कळते आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येते. चित्रपटाचा खलनायक म्हणजे त्रात्याची गरज ज्याला जिवापाड आहे तो माणूस. त्रात्याच्या ओढीत दडलेली हिंसा, दुबळेपणाच्या लाजेतून उगवणारी भव्यतेची भूक, आणि त्या भुकेपायी इतरांचे प्राण क्षुल्लक वाटू लागणे हे सारे या पात्रात आहे. मूर ज्या धोक्याचा इशारा देतात, तो याहून स्पष्ट कुठल्या निबंधात सापडेल? व्यंग असलेल्या माणसालाच पुन्हा खलनायक केले, ही तक्रार मात्र उरते आणि ती मान्य करायला हवी. अपंगत्वाला दुष्टपणाशी जोडण्याची चित्रपटांची वाईट सवय श्यामलन यांनाही सुटलेली नाही.

भारतातल्या छोट्या सुपरहिरोपटांनीही हाच प्रश्न आपल्या मातीत विचारला आहे. बेसिल जोसेफ यांच्या ‘मिन्नल मुरली’त (२०२१) केरळच्या एका गावात दोघांना वीज लागते आणि दोघांना सारखीच शक्ती मिळते. एक अमेरिकेला जायची स्वप्ने पाहणारा शिंपी, दुसरा गावाने वेडा ठरवून टाकलेला शिबू. गुरु सोमसुंदरम यांचा शिबू वर्षानुवर्षे एकाच स्त्रीवर जीव लावून बसलेला आहे. चांगल्या-वाईटाची विभागणी वीज करत नाही. कोणाला माया मिळाली आणि कोणाला हेटाळणी, यावरून ती होते. गावाने एकाला वाळीत टाकले, म्हणून गावाला राक्षस मिळाला.

विक्रमादित्य मोटवानी यांचा ‘भावेश जोशी सुपरहिरो’ (२०१८) मुंबईत घडतो. डोक्यावर कागदी पिशव्या चढवून शहरातल्या अन्यायाचे व्हिडिओ करणारे मित्र पाण्याच्या चोरीच्या मुळाशी जाऊ पाहतात आणि एकाचा जीव जातो. दुसऱ्याने पासपोर्टसाठी पोलिसाला लाच देऊन तडजोड केलेली असते. मेलेल्या मित्राचा मुखवटा तो चढवतो तो शौर्याने नव्हे, लाजेने. नळाला पाणी येण्याची वाट पाहणाऱ्या मुंबईकराला त्यातला राग समजावून सांगावा लागत नाही. वासन बाला यांच्या ‘मर्द को दर्द नहीं होता’मधला (२०१८) सूर्या हाही मुंबईचाच. वेदना न जाणवणे ही त्याची शक्ती, आणि हा जन्मजात विकार वैद्यकात खरोखर नोंदलेला आहे. मार लागला तरी कळत नाही, म्हणून त्याचे आजोबा त्याला शरीर जपायला शिकवतात. महेश मांजरेकर यांनी रंगवलेला हा आजोबा मृदू आणि खोडकर आहे. ज्याला दुखत नाही त्याला कोणीतरी दुखणे शिकवावे लागते, एवढे शहाणपण या हसऱ्या चित्रपटात आहे. हे तिन्ही चित्रपट त्रात्याची आरती करत नाहीत. त्याला घडवणाऱ्या आणि बिघडवणाऱ्या माणसांची झडती घेतात.

म्हणून तिन्ही आक्षेपांवरचा निकाल स्पष्ट आहे. बालिशपणा हा या प्रकाराचा जन्मस्वभाव नाही, तो त्याच्यावर लादला गेला. वास्तव अद्भुताला मारत नाही. मन नसलेले वास्तव मारते. आणि त्राता शोधण्याच्या रोगाचे सर्वांत धीट निदान याच प्रकारातल्या उत्तम चित्रपटांनी केले आहे. दरवर्षी येणाऱ्या पोकळ, महागड्या सुपरहिरोपटांना झोडपण्याचा समीक्षकांना पूर्ण अधिकार आहे. पण तो हक्क बजावण्याआधी त्यांनी प्रत्येक चित्रपटाला एकच प्रश्न विचारावा: या महानायकाची गरज नेमकी कुणाला आहे? ज्या चित्रपटाकडे याचे उत्तर असेल, त्याला सिनेमा म्हणण्यात कुणीही कमीपणा मानू नये.